दुरुस्ती नेमकी कुठल्या दप्तरात?



मराठी विकिपीडिया आता बऱ्याच जणींच्या ओळखीचा झाला आहे. मोबाईलवर गावाचं नाव शोधलं की त्याचं पान उघडतं. समजा, आपल्या गावाच्या पानावर तीन चुका दिसल्या. शेजारच्या चौकटीत लोकसंख्येचा आकडा चुकला आहे. एका बटणावर असा मराठी शब्द आहे, की त्याचा अर्थच लागत नाही. आणि दुरुस्ती लिहायला संगणकावर बसावं, तर हवं ते जोडाक्षर उमटत नाही. विकिपीडिया सगळ्यांचा आहे, कुणीही दुरुस्त करू शकतं, असं आपण ऐकलेलं असतं. मग हात घालायचा कुठे?

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. ह्या तीन चुका दिसतात एका पानावर, पण राहतात तीन वेगळ्या ठिकाणी. ठिकाण चुकलं तर सगळी मेहनत वाया जाते. तलाठी कार्यालयातलं काम पंचायत समितीच्या खिडकीवर नेलं, तर तिथला माणूस कितीही चांगला असला तरी तो काय करणार?

आधी दोन शब्द समजून घेऊ. संगणकाला काय करायचं ते सांगणाऱ्या ज्या ओळी माणसं लिहितात, त्यांना सोर्स कोड म्हणतात. काही कंपन्या ह्या ओळी कुलपात ठेवतात. काही प्रकल्पांमध्ये मात्र त्या वाचायची, वापरायची आणि बदलायची सगळ्यांना परवानगी असते. त्याला ओपन सोर्स म्हणतात. विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर म्हणजे मीडियाविकी, आणि ते ओपन सोर्स आहे.

दुसरा शब्द रिपॉझिटरी. मी त्याला दप्तर म्हणेन. ह्या दप्तरात सोर्स कोडच्या ओळी असतातच, शिवाय आजवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंदही असते. कुणी बदललं, कधी बदललं, काय बदललं आणि का बदललं. आपल्याकडे सातबाऱ्यामागे फेरफार नोंदवही असते ना, नमुना सहा? वारस लागला, खरेदी झाली, बोजा चढला, तर प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक पडतो. दप्तरातल्या नोंदीलाही असाच क्रमांक असतो. हा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीचं नाव गिट.

आता गंमत अशी, की मीडियाविकीचं दप्तर एक नाही. अशी शेकडो दप्तरं आहेत. का, ते आपल्या गटावरूनच बघा. बैठकीची वही वेगळी, बचत आणि कर्जाची नोंदवही वेगळी, रोकड वही वेगळी, प्रत्येकीचं पासबुक वेगळं. सगळं एकाच वहीत लिहिलं तर दोघींना एका वेळी काम करता येत नाही, आणि एकीची खाडाखोड दुसरीच्या हिशेबात घुसते.

मीडियाविकीचंही तसंच झालं. मार्च २०१२ पर्यंत गाभा आणि त्याला जोडलेली बरीचशी कामं सबव्हर्जन नावाच्या जुन्या व्यवस्थेत एकाच मोठ्या दप्तरात होती. त्या महिन्यात गाभा गिटवर आला, आणि मग प्रत्येक जोडकामाला आपापलं दप्तर मिळत गेलं. ह्या जोडकामाला एक्स्टेन्शन म्हणतात. मोबाईलवर पान नीट दिसावं यासाठी एक, लिहिण्याच्या खिडकीसाठी एक, भाषा निवडण्यासाठी एक. पान कसं दिसावं हे ठरवणारी दप्तरं तर आणखी वेगळी. मीडियाविकी वापरणाऱ्या इतर संस्थाही आहेत. त्यांना जे हवं तेवढंच त्या उचलतात. प्रत्येक दप्तर सांभाळणारी माणसंही वेगळी असतात.

सोय झाली, पण नवख्या माणसाची पंचाईतही झाली. सगळं उघड्यावर आहे आणि तरीही सापडत नाही. म्हणून वाट शोधायची रीत शिकून घ्यावी लागते. रीत सोपी आहे: डोळ्यांना जे दिसतंय तिथून सुरुवात करायची आणि उगमापर्यंत मागे चालत जायचं.

आपल्या तीन चुका घेऊ.

पहिली, लोकसंख्येचा आकडा. ह्यात सोर्स कोडचा बहुधा काहीच संबंध नाही. पानावर ‘संपादन’ दाबून त्याचा मजकूर उघडा. चुकीचा आकडा तिथेच लिहिलेला दिसला, तर दुरुस्ती तिथेच. आकडा दिसला नाही, फक्त चौकटीचं नाव दिसलं, तर ती चौकट दुसरीकडून माहिती ओढते आहे. चौकटीला विकिपीडियावर साचा म्हणतात, आणि साच्याचं स्वतःचं पान असतं. कधी आकडा विकिडेटा नावाच्या माहितीसाठ्यातून येतो. हा साठा २०१२ साली सुरू झाला, आणि अनेक भाषांचे विकिपीडिया त्यातून माहिती घेतात. तिथे एकदा दुरुस्त केलं, तर ती माहिती ओढणाऱ्या सगळ्या भाषांमध्ये ते दुरुस्त होतं.

पण एक लक्षात ठेवा. ‘आमच्या गावात इतकी माणसं आहेत, आम्हाला माहीत आहे,’ एवढं चालत नाही. छापलेला आधार द्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका हा असा आधार आहे.

दुसरी चूक, बटणावरचा शब्द. इथे एक युक्ती आहे, आणि ती अनेक संगणकवाल्यांनाही माहीत नसते. पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं. पुढे इंग्रजीत ‘यूजलँग’ हा शब्द जोडून लिहायचा, मग बरोबरचं चिन्ह, आणि शेवटी तीन अक्षरं: क्यू, क्यू, एक्स. पत्त्यात आधीपासून प्रश्नचिन्ह असेल, तर नव्या प्रश्नचिन्हाऐवजी ‘अँड’चं चिन्ह द्यायचं. एंटर दाबलं की पानावरची बटणं आणि पट्ट्या आपलं मराठी सोडून कंसात इंग्रजी नावं दाखवू लागतात. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. ही त्या शब्दांची खुणेची नावं. साध्या संपादनाच्या खिडकीत ‘बदल प्रकाशित करा’ अशा अर्थाचं बटण असतं, त्याच्या जागी ‘पब्लिशचेंजेस’ असं नाव दिसेल.

हे नाव म्हणजे आपल्या हातातला गट क्रमांक. गट क्रमांक असला की जमिनीचा कागद सापडतो ना, तसंच. नावाची सुरुवात नीट वाचा. बऱ्याचदा तिच्यातच दप्तराचं नाव असतं. ‘मोबाईल-फ्रंटएंड’ने सुरुवात झाली, तर मोबाईलवर पान दाखवणाऱ्या जोडकामाचं दप्तर. ‘व्हिज्युअलएडिटर’ने झाली, तर लिहिण्याच्या खिडकीचं. असं काहीच नसेल, तर बहुधा गाभ्याचं. तरीही शंका राहिली, तर कोडसर्च नावाचं एक साधन आहे. त्यात ते खुणेचं नाव टाकलं की ते मीडियाविकीच्या अनेक दप्तरांत एकदम शोधतं आणि कुठल्या दप्तरात, कुठल्या फाईलमध्ये, कितव्या ओळीवर आहे ते दाखवतं.

आणखी एक आधार. प्रत्येक विकीवर ‘आवृत्ती’ नावाचं एक विशेष पान असतं. त्या विकीवर कुठली कुठली जोडकामं बसवली आहेत, त्याची पूर्ण यादी तिथे मिळते. शेकडो दप्तरांपैकी आपल्या कामाची कोणती, हे ह्या यादीवरून कळतं. गावात घरं पुष्कळ असतात, पण आपल्या ग्रामसंघात कोणते गट येतात हे यादीवरच कळतं, तसं.

आता नीट ऐका, कारण बहुतेक माणसं इथेच अडखळतात. बटणावरचे मराठी शब्द दप्तरात असतात हे खरं. बऱ्याच दप्तरांत त्यांची एक मराठी फाईल असते. पण ते शब्द तिथे जन्मत नाहीत. ते लिहिले जातात ट्रान्सलेटविकी नावाच्या वेगळ्या संकेतस्थळावर. तिथे जगभरचे स्वयंसेवक आपापल्या भाषेत शब्द लिहितात, आणि तिथून ते आपोआप त्या त्या दप्तरात पोचतात. म्हणजे दप्तरातली मराठी फाईल ही प्रत झाली. मूळ आहे ट्रान्सलेटविकीवर.

सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने नाव सुधारलं, तर जमीन आपल्या नावावर होते का? नाही होत. उद्या नवा उतारा काढला की जुनंच नाव येतं. घरधनीण म्हणून सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला ज्या बाया फिरल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्ज द्यावा लागतो, फेरफार नोंदवावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो, तेव्हा कुठे उताऱ्यावर नाव येतं. संगणकाच्या दप्तरांचंही तेच आहे. प्रतीवरची सुधारणा टिकत नाही. मूळ कुठे आहे ते शोधावंच लागतं.

बटणाच्या शब्दात आणखी एक अडथळा असू शकतो. एखाद्या विकीवरचे व्यवस्थापक तो शब्द त्या विकीपुरता बदलू शकतात. तसं झालं असेल, तर ट्रान्सलेटविकीवर कितीही चांगला शब्द लिहा, इथे जुनाच दिसत राहील. म्हणून आपल्या विकीवर मीडियाविकी नावाच्या विभागात त्या खुणेच्या नावाचं पान कुणी बनवलं आहे का, ते आधी बघायचं. असेल, तर बोलणं तिथल्या व्यवस्थापकांशी करायचं.

तिसरी चूक, न उमटणारं जोडाक्षर. इथे आधी एक परीक्षा घ्या. मोबाईलवर लिहिताना अडचण आली, तर तेच अक्षर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून बघा. तिथेही उमटलं नाही, तर दोष मोबाईलच्या कीबोर्डचा, विकिपीडियाचा नाही. पण संगणकावर विकिपीडियाचीच मराठी लिहायची सोय वापरताना अडलं, तर गोष्ट वेगळी.

उदाहरणासाठी ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. लिहिण्यात फरक एवढासा, अर्थात केवढा! समजा, ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’च उमटतं. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर यावं, हे नियम जेक्वेरी डॉट आयएमई नावाच्या दप्तरात आहेत. त्यात मराठीसाठी स्वतंत्र कप्पा आहे. हे दप्तर गिटहब ह्या संकेतस्थळावर आहे. पण विकिपीडिया ते थेट वापरत नाही. युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर नावाच्या जोडकामात त्याची प्रत ठेवलेली असते, आणि विकिपीडियावर ती प्रत चालते. कोडसर्चमध्ये शोधलं तर ही प्रतसुद्धा समोर येईल, आणि वाटेल की सापडलं! पण दुरुस्ती करायची गिटहबवरच्या मुळात. मुळात झाली की पुढे प्रत बदलते. नाहीतर पुढच्या वेळी नवी प्रत आणली की आपली सुधारणा पुसली जाणार.

उलटंही असतं बरं का. मीडियाविकीच्या गाभ्याचं दप्तरसुद्धा गिटहबवर दिसतं. पण तिथे तो आरसा आहे, मूळ गेरिट नावाच्या दुसऱ्या ठिकाणी. म्हणून कुठलंही दप्तर उघडलं की आधी त्याची ओळख वाचायची. ‘रीडमी’ नावाची फाईल असते, म्हणजेच ‘मला वाच’. मूळ इथलं की दुसरीकडचं, तक्रार कुठे करायची, सांभाळणारे कोण, हे बहुतेकदा तिथे किंवा दप्तराच्या पहिल्या ओळीत असतं. दोन मिनिटं लागतात, पण पुढचे दोन आठवडे वाचतात.

मूळ सापडलं. आता पुढे? ज्यांना कोड लिहिता येत नाही, त्यांचंही काम इथे संपत नाही. मीडियाविकीच्या तक्रारी आणि सूचना फॅब्रिकेटर नावाच्या ठिकाणी नोंदवतात. जेक्वेरी डॉट आयएमईसारख्या दप्तराची तक्रार गिटहबवर त्याच दप्तरात नोंदवता येते. तक्रार कशी लिहावी? मी काय केलं, मला काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. ह्या तीन ओळी. सोबत पानाचा पत्ता, कुठल्या फोनवर किंवा संगणकावर, आणि पडद्याचा फोटो. ‘मराठी नीट चालत नाही’ असं लिहिलं, तर कुणाला काही कळत नाही. ‘ह्या कळा दाबल्या, दर्या आलं, दऱ्या हवं होतं,’ असं लिहिलं, की सांभाळणाऱ्याला धागा सापडतो.

कोड लिहिणाऱ्या मुली असतील, तर त्या दुरुस्तीही सुचवू शकतात. गेरिटवर सुचवलेला बदल आधी यंत्र आपोआप तपासतं, मग जाणकार माणूस वाचतो, प्रश्न विचारतो आणि पटलं तर मान्यता देतो. प्रश्न विचारले म्हणून नाउमेद व्हायचं नाही. कर्जाचा अर्ज आला की गटही प्रश्न विचारतोच. कधी एका कामासाठी दोन दप्तरांत बदल लागतात. अशा वेळी बदलाच्या नोंदीतच लिहायची सोय असते, की हा बदल त्या दुसऱ्या बदलावर अवलंबून आहे. आधी तो, मग हा.

मान्यता मिळाली तरी विकिपीडियावर बदल लगेच दिसत नाही. साधारणपणे आठवड्यातून एकदा नवी आवृत्ती चढवतात. मंगळवारी थोड्या विकींवर, बुधवारी आणखी काही, गुरुवारी बहुतेक विकिपीडियांवर. काही बिघडलं तर मधेच थांबवता यावं म्हणून हे टप्पे. तेव्हा आज शब्द सुधारला आणि उद्या दिसला नाही, तर ‘आपलं कोण ऐकतंय’ म्हणून सोडून देऊ नका. आठवडा-दोन आठवडे वाट बघा. तरीही दिसला नाही, तर मग विचारा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आपण का करायचं? शहाणीसुरती माणसं बसली आहेत की तिथे. आहेत, आणि चांगलं काम करतात. पण त्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. दुसऱ्या देशात बसलेला हुशार माणूस ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी ठेवून बघेल, तरी त्याला काय चुकलं ते कळणार नाही. यंत्राची चाचणीही ते सांगत नाही. बटणावरचा शब्द पुस्तकी आहे की घरातल्या बाईला समजणारा, हे त्या घरातल्या बाईनेच सांगायला हवं. आपण सांगितलं नाही, तर ती चूक चूक म्हणून कुणाला दिसतच नाही. वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि आपल्या मुली तीच चुकीची मराठी वाचत मोठ्या होतात.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो चालवायला कुणी पगारी मराठी लेखक बसवलेले नाहीत. वेळ काढून लिहिणाऱ्या माणसांनी तो उभा केला. ट्रान्सलेटविकीवरचे मराठी शब्दही तसेच आले. तिथे नाव नोंदवता येतं. सुरुवातीला थोडे शब्द भाषांतर करून दाखवावे लागतात, मग परवानगी मिळते. त्याला कोडचं एक अक्षरही लागत नाही.

ही रीत एकट्या विकिपीडियाची नाही. पत्र लिहायला, हिशेब मांडायला काही जणी लिबरऑफिस वापरतात. तेही ओपन सोर्स आहे. त्याचाही गाभा एका दप्तरात, भाषांतरं दुसऱ्यात, शुद्धलेखनाचे शब्दकोश तिसऱ्यात आणि मदतीची पानं चौथ्यात. एक वाट शोधायची सवय झाली, की दुसरी सापडायला वेळ लागत नाही.

तर लक्षात ठेवायचे चार प्रश्न. वहीत लिहून घ्या हवं तर. एक, मला दिसतंय ते नेमकं काय आहे: मजकूर, शब्द, की वागणूक? दोन, त्याचं खुणेचं नाव काय? तीन, ते कुठल्या दप्तरात आहे? चार, हे मूळ आहे की प्रत? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. आपल्या गावाचं पान उघडा आणि एकच चूक निवडा. गटातली एक जण पान वाचेल, एक जण खुणेचं नाव शोधेल, संगणक शिकणारी एखादीची लेक किंवा सून दप्तर शोधेल, आणि चौथी तक्रारीच्या तीन ओळी लिहील. एका बैठकीत एक चूक पुरे. ती मुळात नोंदवली गेली, की तिच्याखाली तारीख पडते आणि नोंदवणारीचं तिथलं नाव राहतं. पुढे कुणीही ती नोंद उघडून वाचू शकतं.